बेळगाव भागात जैवसुरक्षा सल्लागार म्हणून काम कसं करावं

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात जैवसुरक्षेचा (लॅबमधल्या जंतूंपासून माणसं, जनावरं आणि परिसर सुरक्षित ठेवण्याचा) सल्ला मागणारे लोक नाना प्रकारचे असतात. वैद्यकीय महाविद्यालयातला पीएचडीचा विद्यार्थी, औषधी वनस्पतींवर काम करणारा गट, उसाचं ऊतीसंवर्धन करणारी लॅब, दुधाळ जनावरांचे नमुने तपासणारे पशुवैद्य, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला छोटा स्टार्टअप. अडचण मात्र सगळ्यांची सारखी असते. प्रयोग ठरलेला असतो, पण तो कुठल्या समितीपुढे न्यायचा, कुठल्या खोलीत करायचा आणि उरलेला माल कसा मारायचा, हे कुणीच ठरवलेलं नसतं. सल्लागारानं शिरायचं ते इथेच. कल्चर (वाढवलेले जंतू) मागवून झालं, निधीचा पहिला हप्ता खर्च झाला आणि मग बोलावलं, तर अर्धं काम निस्तरण्यात जातं. म्हणून संस्थेशी बोलतानाच एक गोष्ट ठरवून घ्या: निधीसाठीचा प्रस्ताव पाठवण्याआधी त्याची एक प्रत तुमच्याकडे यायला हवी.

पहिली भेट: फाइल नंतर, कचऱ्याचा डबा आधी

पहिल्या भेटीत फाइल मागू नका. लॅबमध्ये एक पूर्ण फेरी मारा आणि नमुना ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं चाला. कुठे उतरतो, कुठे उघडतो, कुठे फिरतो, कुठे साठतो, कुठे मरतो आणि मेल्यावर कुठल्या गाडीत जातो. लाल पिशवीत पिपेट टिपांच्या जोडीला जेवणाचा डबा पुसलेला कागद दिसला, तर प्रशिक्षणाच्या नोंदवहीत काहीही लिहिलेलं असो, प्रशिक्षण झालेलं नाही.

मग संशोधकाबरोबर बसून एक तक्ता भरा. प्रत्येक जंतू, सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) किंवा नमुन्यासाठी एक ओळ. नाव आणि स्ट्रेन (जंतूचा उपप्रकार), कुठून आला, एका वेळी जास्तीत जास्त किती मिलिलिटर, त्याच्यावर काय काय करणार, कुठे ठेवणार, कसा मारणार. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. सेंट्रिफ्यूज, सोनिकेटर, व्होर्टेक्स, जोरात पिपेटिंग, सिरिंजच्या सुया या सगळ्यांतून फवारा उडतो आणि जंतू नाकापर्यंत पोचतो. तोच जंतू नुसता प्लेटवर वाढवला तर धोका एक आणि सोनिकेट केला तर वेगळा.

इथे एक घोटाळा कायम होतो. जोखीम गट आणि बीएसएल (बायोसेफ्टी लेव्हल) पातळी या एकच गोष्टी आहेत असं समजलं जातं. जोखीम गट जंतूचा असतो (एक ते चार, चौथा सगळ्यात धोक्याचा), पातळी कामाची असते. ई. कोलाय के-१२ पहिल्या गटातला, स्टॅफिलोकोकस ऑरिअस दुसऱ्या, क्षयाचा जंतू तिसऱ्या. पण थुंकीची स्लाइड करून बघणं आणि त्याच जंतूचं द्रव कल्चर वाढवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्याला बीएसएल-३ लागते, ती बेळगावातल्या साध्या लॅबमध्ये पडदा लावून होत नाही. हेच माकडतापाचं. क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये सापडलेला हा विषाणू पुढे दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरीपर्यंत पोचला, त्यामुळे खानापूरच्या जंगलपट्ट्यात गोचिडांचा किंवा तापाचा अभ्यास करावा असं पुष्कळांना वाटतं. अभ्यास जरूर करावा. पण विषाणू जिवंत वाढवायचा बेत प्रस्तावात दिसला की पेन थांबवा. तो चौथ्या गटात मोडतो आणि भारतातली पहिली बीएसएल-४ लॅब पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत आहे. आपल्याकडे नमुना घ्यायचा, निष्क्रिय करायचा किंवा नियमानं बांधून पुढे पाठवायचा, एवढंच.

पशुवैद्यकीय लॅबना ब्रुसेलाबद्दल (जनावरांचा गाभ पाडणारा, माणसालाही लागणारा जंतू) वेगळं सांगा. गाभ गेलेल्या म्हशीचा नमुना 'सर्वसाधारण कल्चर' म्हणून येतो. दोन-तीन दिवसांनी बारीक, दवबिंदूसारख्या वसाहती दिसतात. ग्राम-निगेटिव्ह, अगदी छोटे कोकोबॅसिलस, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, युरिएज झपाट्यानं पॉझिटिव्ह. हे चित्र दिसलं की प्लेट हुंगायची नाही, उघड्या टेबलावर पुढची चाचणी लावायची नाही. प्लेट टेपनं बंद करा, बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये (हवा आत ओढून गाळणाऱ्या कपाटात) न्या आणि डॉक्टरांना कळवा. प्रयोगशाळेत लागण होणाऱ्या जंतूंत ब्रुसेला फार वरच्या क्रमांकावर आहे, आणि लागण बहुतेक वेळा ओळख पटायच्या आधीच झालेली असते.

समिती

जनुकीय फेरफार केलेले जीव किंवा घातक सूक्ष्मजीव यांवरचं काम पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांत येतं, आणि रोजचा व्यवहार जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांवर चालतो. संस्थेत संस्थात्मक जैवसुरक्षा समिती, म्हणजे आयबीएससी, नसेल तर पहिलं काम तेच. अध्यक्ष संस्थाप्रमुख किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती, जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी, वैद्यकीय पदवी असलेला जैवसुरक्षा अधिकारी, बाहेरचा तज्ज्ञ, संस्थेतले शास्त्रज्ञ आणि सदस्य सचिव. नोंदणी आयबीकेपी (इंडियन बायोसेफ्टी नॉलेज पोर्टल) या पोर्टलवर होते आणि तीन वर्षांनी नूतनीकरण लागतं. ही तारीख विसरली जाते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नको, संस्थेच्या आवक-जावक विभागात लिहून ठेवा, कारण सदस्य सचिव बदलतात.

प्रयोगांच्या तीन श्रेणी आहेत. पहिलीत समितीला कळवायचं आणि काम सुरू करायचं. दुसरीत समितीची मंजुरी हातात आल्यावरच सुरू. तिसरीत समितीनंतर दिल्लीच्या आरसीजीएमचीही (जनुकीय फेरफारांचा आढावा घेणारी केंद्रीय समिती) परवानगी. संशोधक आपला प्रयोग एक श्रेणी खाली दाखवायला बघतात. त्यात बहुधा लबाडी नसते, लांबणीची भीती असते. त्यांना समजावून सांगा की चुकीच्या श्रेणीत झालेलं काम पुढे प्रबंधात आणि पेपरमध्ये अडकतं, तेव्हाची लांबण कितीतरी मोठी असते.

परदेशातून प्लाझमिड (डीएनएचा छोटा गोल तुकडा) किंवा स्ट्रेन मागवताना पहिल्या-दुसऱ्या जोखीम गटातलं संशोधनासाठीचं जीएमओ (जनुकीय फेरफार केलेला जीव) असेल तर २०२० च्या सुलभ पद्धतीनुसार आयबीएससीच्या पातळीवर काम होतं. बियाणं किंवा रोपं असतील तर वनस्पती विलगीकरणाची वाट निराळी, ती दिल्लीच्या एनबीपीजीआरकडून (राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्यूरो) जाते. कागद हातात येण्याआधी पाठवणाऱ्याला 'पाठवा' म्हणायचं नाही, आणि पाठवायचा दिवस असा निवडायचा की पार्सल शनिवार-रविवारी बंगळूरच्या कस्टममध्ये पडून राहणार नाही. कोरडा बर्फ सुट्टी बघून उडून जायचा थांबत नाही.

प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी आयएईसी (संस्थेची प्राणी नीतिशास्त्र समिती) आणि माणसांच्या नमुन्यांसाठी नीतिशास्त्र समिती या वेगळ्या वाटा आहेत. एकीची मंजुरी दुसरीच्या जागी चालत नाही.

लॅमिनार म्हणजे कॅबिनेट नव्हे

या भागात ऊतीसंवर्धनामुळे लॅमिनार (गाळलेल्या हवेच्या झोतात काम करायच्या पेट्या) पुष्कळ आहेत. आडव्या प्रवाहाचा लॅमिनार गाळलेली हवा रोपावरून थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर सोडतो. उसाच्या कोंबासाठी उत्तम, पण रोगजंतू किंवा रक्ताच्या नमुन्यासाठी त्याच्यासारखा घातक दुसरा नाही. दुसऱ्या गटाच्या जंतूंसाठी वर्ग-२, ए२ प्रकारचं बायोसेफ्टी कॅबिनेट हवं. भेटीत पटकन ओळखायचं असेल तर पंखा चालू करा, आसपास स्पिरिट नाही ना हे बघा आणि पेटवलेली उदबत्ती तोंडाशी, कडेच्या जाळीसमोर धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर आला किंवा जाळीपाशी घोटाळला, तर त्या कॅबिनेटमध्ये आज काम नाही. ही चाचणी म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. वर्षातून एकदा, आणि हलवल्यावर किंवा फिल्टर बदलल्यावर, हवेचा वेग आणि हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) फिल्टरची गळती मोजून घ्यावीच लागते. आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर हवा.

कॅबिनेट दारासमोर, पंख्याखाली किंवा खिडकीजवळ ठेवलेलं असतं, ही नेहमीची चूक. दुसरी म्हणजे आत बर्नर. ज्योतीनं हवेचा पडदा फाटतो आणि फिल्टर खराब होतो. एकदा वापरून टाकायचे लूप घ्या. पावसाळ्यात वीज जाते तेव्हाचा नियम कॅबिनेटवरच चिकटवा: नळ्या बंद, काच खाली, हात बाहेर. वीज आल्यावर पाच मिनिटं पंखा चालू दिल्याशिवाय काम नाही. पंख्यापुरता यूपीएस दिला तर सगळ्यात बरं.

ऑटोक्लेव्ह आणि बेळगावची उंची

हा मुद्दा जवळजवळ प्रत्येक लॅबमध्ये सुटलेला दिसतो. '१५ पीएसआय (दाबाचं एकक) म्हणजे १२१ अंश' हे समुद्रसपाटीचं गणित आहे. काटा दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, इथली हवाच सव्वा पीएसआयनं हलकी. म्हणजे काट्यावर १५ दिसत असताना आतलं तापमान ११९.५ अंशांच्या आसपास असतं. तापमानावर चालणाऱ्या यंत्राला फरक पडत नाही, ते आपोआप जास्त दाब घेतं. पण शिट्टीचं वजन ठेवलेले कुकरसारखे उभे ऑटोक्लेव्ह दाबावर चालतात. त्यांना १२१ अंशांसाठी सव्वासोळाच्या आसपास दाब लागतो. वजन स्वतः बदलू नका. भांडं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तेवढ्या दाबाचे आहेत का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या आणि आत जास्तीत जास्त तापमान नोंदवणारा थर्मामीटर ठेवून बघा.

दुसरं कारण अडकलेली हवा. वाफेचा झोत एकसारखा, सरळ येईपर्यंत व्हॉल्व्ह बंद करायचा नाही. हवा आत राहिली तर काट्यावर दाब दिसतो, पण तापमान चढत नाही. पिशवी दोन तृतीयांशच भरा, तोंड सैल ठेवा, आत थोडं पाणी टाका, पिशवीवर पिशवी रचू नका. घट्ट बांधलेल्या पिशवीच्या मधोमध कल्चर जिवंत राहतं आणि बाहेरची टेप मात्र काळ्या पट्ट्या दाखवते. टेप सांगते ती पिशवी तापली एवढंच. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत साध्या गुरुत्व-प्रवाहाच्या ऑटोक्लेव्हसाठी १२१ अंश आणि १५ पीएसआयवर किमान ६० मिनिटं सांगितली आहेत, निर्वात यंत्रासाठी ४५. माध्यम निर्जंतुक करायची १५ मिनिटं कचऱ्याला लावू नका. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णता सोसणाऱ्या जंतूच्या बीजाणूंची पट्टी आठवड्यातून एकदा, पिशवीच्या मधोमध. एक पट्टी ऑटोक्लेव्ह न करता सोबत वाढवायची, ती वाढली नाही तर चाचणीच फुकट. बोअरचं पाणी घालू नका, हीटरवर खरपुड्या जमतात आणि चक्र लांबत जातं.

कचरा, ब्लीच, सांडणं

प्लेट, कल्चर, रक्ताचे नमुने हे आधी लॅबमध्येच मारायचे आणि मग सामायिक प्रक्रिया केंद्राच्या गाडीत द्यायचे. कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. ७५ किलोमीटरच्या आत केंद्राची सेवा असेल तर संस्थेला स्वतःचं प्रक्रिया केंद्र उभारता येत नाही. कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला वार्षिक अहवाल, म्हणजे फॉर्म ४, ३० जूनपर्यंत जातो, अपघात फॉर्म १ मध्ये. कचरा उचलणाऱ्यांना हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस दिली आहे का हे नावासकट तपासा. कंत्राटावरचे लोक या यादीतून हटकून निसटतात, आणि सुई टोचते ती त्यांनाच.

हायपोक्लोराइटचा डबा ५ टक्क्यांचा असेल तर एक भाग त्यात नऊ भाग पाणी, म्हणजे ०.५ टक्के. रक्त सांडलं असेल तर एकास चार, १ टक्का. डबा उन्हात राहिला तर क्लोरीन उडतो, म्हणून उघडल्याची तारीख डब्यावर लिहा आणि पातळ द्रावण रोज नवं करा. स्पिरिट ९५ टक्क्यांचं असेल तर ७३७ मिलिलिटर घेऊन पाण्यानं एक लिटर करा. दोन गोष्टी लाल अक्षरांत: ब्लीच घातलेला माल ऑटोक्लेव्ह करायचा नाही, आणि आरएनए किटच्या लायसिस बफरवर (पेशी फोडणाऱ्या द्रावणावर) ब्लीच ओतायचं नाही. त्या बफरमध्ये ग्वानिडीन थायोसायनेट असतं, ब्लीचशी त्याचा विषारी वायू होतो. 'सगळ्यावर ब्लीच' ही सवय इथे जिवावर बेतू शकते.

कॅबिनेटच्या बाहेर कल्चर सांडलं तर:

१. श्वास रोखून सगळे बाहेर. दार बंद, दारावर पाटी, घड्याळात वेळ.
२. भिजलेला कोट आतून बाहेर गुंडाळून काढा, हात धुवा.
३. अर्धा तास कुणी आत जायचं नाही, फवारा खाली बसू द्या.
४. दुहेरी हातमोजे, एन-९५, चष्मा. डागावर कागदी टॉवेल पसरा आणि ब्लीच कडेकडून मध्याकडे ओता.
५. वीस ते तीस मिनिटं थांबा. काच चिमट्यानं उचला, हातानं नाही.
६. शेवटी पाण्यानं पुसा, नाहीतर स्टीलला गंज चढतो.

सेंट्रिफ्यूजमध्ये नळी फुटल्याचा आवाज आला तरी हाच अर्धा तास, झाकण न उघडता.

नमुना पाठवणं

रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत थर्माकोलचा डबा ठेवून पुण्याला नमुने पाठवायची पद्धत सीमाभागात रूढ आहे. ती बंद करा. निदानाचे नमुने बहुधा यूएन ३३७३ मध्ये येतात (हे धोकादायक मालाचे आंतरराष्ट्रीय क्रमांक), मोठ्या धोक्याच्या जंतूंची कल्चर यूएन २८१४ मध्ये. वेष्टन तिहेरी: गळती न होणारी नळी, भोवती सगळं द्रव शोषेल एवढा कापूस, दुसरं गळतीबंद भांडं, बाहेर कडक खोका. नळी किंवा दुसरं भांडं यांपैकी एक ९५ किलोपास्कल दाब सोसणारं हवं. खोक्याची एक बाजू तरी १० बाय १० सेंटिमीटर, चौकोनी खुणेची प्रत्येक कड किमान ५ सेंटिमीटर. यादी दुसऱ्या आणि तिसऱ्या थराच्या मधे, नळीला चिकटवून नाही. कोरडा बर्फ दुसऱ्या भांड्याच्या बाहेर, आणि खोक्याला वायू निघायला वाट. एक किलो बर्फाचा पाचशे लिटरपेक्षा जास्त वायू होतो. घट्ट डबा फुटतो, आणि काचा बंद केलेल्या गाडीत चालकाला गुंगी येते. खोक्यावर यूएन १८४५ (कोरड्या बर्फाचा क्रमांक) आणि बर्फाचं वजन किलोत.

सीमा ओलांडताना

उद्यमबागेत लॅब आणि शिनोळीत शेड असेल तर अंतर थोडं, पण प्रदूषण नियंत्रण मंडळं दोन. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. कचऱ्याची परवानगी जागेला असते, कंपनीला नाही. शिनोळीचा कचरा बेळगावच्या पिशवीत घालून आणता येत नाही.

रानातल्या नमुन्यांचंही तसंच. चोर्ला घाटात चालताना तासाभरात कर्नाटक संपून गोवा सुरू होतो. आंबोली, तिळारी महाराष्ट्रात. वनखातं तिन्हीकडे वेगळं. प्रत्येक नमुन्याबरोबर जीपीएसचे आकडे जागेवरच लिहायला लावा, संध्याकाळी आठवून नाही. भीमगड अभयारण्यात, विशेषतः बारापेडे गुहांतल्या वटवाघळांच्या आसपास, वन्यजीव खात्याच्या लेखी परवानगीशिवाय जाळंसुद्धा न्यायचं नाही. ती वटवाघळं फार दुर्मिळ आहेत. मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, आरोग्य आणि वन खात्याला कळवायचं. परदेशी भागीदार असेल, किंवा वनस्पतीवरच्या कामातून पेटंट घ्यायचं असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पायरी वेळापत्रकात आधीच धरा. २०२३ च्या दुरुस्तीनं नियम बदलले आहेत, जुने फॉर्म चालवू नका.

आणि भाषा. संमतिपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत हवं. दोन्ही भाषांतरं दुसऱ्या माणसाकडून उलट इंग्रजीत करून तपासा. तळाला आवृत्ती क्रमांक आणि तारीख एकच असावी. मूळ इंग्रजीत एक ओळ बदलली की तिन्ही बदलतात आणि तिन्ही पुन्हा समितीपुढे जातात. मराठीत जुनं आणि कन्नडमध्ये नवं संमतिपत्र वापरलेलं तपासणीत सापडलं, तर त्या सह्यांचा उपयोग राहत नाही. सांडण्याच्या सूचनाही दोन्ही भाषांत, मोठ्या अक्षरांत, चित्रांसह लावा. रात्री फरशी पुसायला येणाऱ्या मावशींना इंग्रजी पाटी काही सांगत नाही.

अहवाल आणि फ्रीजर

भेटीचा अहवाल दोन पानांत मावला पाहिजे. आधी 'आजच थांबवा', मग 'महिन्याभरात', मग 'पुढच्या खरेदीत'. प्रत्येक ओळीसमोर माणसाचं नाव, 'विभाग' नाही. फोटो जोडा, पण त्यात रुग्णाचं नाव असलेली नळी येऊ देऊ नका.

विद्यार्थी पीएचडी संपवून जातो तेव्हा उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये त्याचा डबा राहतो. 'एस-३, नवा, चांगला' एवढंच लिहिलेल्या नळ्या. ना-हरकत दाखल्यावर सही करण्याआधी सल्लागारानं त्या माणसाला फ्रीजरसमोर उभं करून प्रत्येक नळी तक्त्यातल्या ओळीशी जुळवून घ्यावी. जी जुळत नाही ती उघडून बघायची नाही. बंद आहे तशीच पिशवीत, ऑटोक्लेव्हमध्ये ६० मिनिटं, आणि नोंदवहीत दोघांच्या सह्या.